बर्फ उतरायच्या आधीच वर पोहोचणारे पक्षी

तुम्ही लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथला चढलात. वाट अर्धीअधिक बर्फाखाली होती, पण बर्फ सरलेल्या ओल्या गवताच्या तुकड्यांवर पंधरा-वीस तिरचिमण्या (पिपिट) चरत होत्या, दगडांवर शेपटी हलवणारे छोटे रेडस्टार्ट पक्षीही दिसले. त्या रात्री बर्फ पडला. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर पक्ष्याचं नावनिशाण नव्हतं. तुम्ही विचारताय: हे पक्षी चुकून लवकर आले होते का? मेले का? डोंगरावर वसंत आलाय हे त्यांना खाली बसून कळतं तरी कसं? आणि पुन्हा जायचं तर नेमकं केव्हा जावं?

मेले नसावेत. आणि चुकलेही नव्हते. मी गेली बावीस वर्षं मार्च-एप्रिलमध्ये गढवाल-कुमाऊँच्या याच पट्ट्यात पक्षी नोंदवत फिरते, आणि तुम्ही पाहिलंत ते जवळपास दरवर्षी पाहते. आपण 'पक्षी परतले' असं एका दमात म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर एक तारीख येते: काल नव्हते, आज आले. मैदानी तळ्यावर हे बऱ्यापैकी चालून जातं. डोंगरावर नाही. डोंगरावर पक्षी एकदा येत नाही, तो दहा वेळा येतो आणि नऊ वेळा परत खाली जातो. हे एकदा ध्यानात आलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुटत जातात.

आधी 'कळतं कसं' ते घेऊ. पक्ष्याचं मुख्य घड्याळ म्हणजे दिवसाची लांबी. विल्यम रोवन नावाच्या संशोधकाने १९२४-२५च्या हिवाळ्यात कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात जंको नावाच्या छोट्या पक्ष्यांवर प्रयोग केला. काही पक्षी त्याने उघड्या पिंजऱ्यात कडाक्याच्या थंडीत ठेवले, पण विजेचे दिवे लावून त्यांचा 'दिवस' रोज थोडा-थोडा वाढवत नेला. बाकीच्यांना नैसर्गिक, लहान होत जाणारा दिवस मिळाला. ऐन हिवाळ्यात दिवे लावलेल्या पक्ष्यांची जननग्रंथी वसंतात वाढते तशी वाढली. म्हणजे थंडी तीच, अन्न तेच, फक्त उजेड वाढला आणि शरीराने वसंत धरून टाकला. पुढे हेही कळलं की हा उजेड मोजायला पक्ष्याला डोळेच लागतात असं नाही. कवटीतून झिरपून मेंदूत पोहोचणारा प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेंदूतच खोलवर असतात.

त्याच्याही तळाशी आणखी एक घड्याळ चालू असतं. एबरहार्ट ग्विनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत वटवट्यांच्या जातीचे पक्षी वर्षानुवर्षं अशा खोल्यांत ठेवले, जिथे दिवस-रात्र कायम सारखीच. बाहेरची कसलीच खूण नाही. तरीही ठरावीक अंतराने ते पिसं गाळत, चरबी चढवत आणि रात्री पिंजऱ्यात फडफडत, जणू निघायची वेळ झाली आहे. फक्त त्यांचं वर्ष बारा महिन्यांऐवजी दहाच्या आसपास आलं. म्हणजे शरीरात एक कच्चं कॅलेंडर आहे, आणि दिवसाची लांबी ते दरवर्षी खऱ्या कॅलेंडरशी जुळवून देते.

सह्याद्रीत हिवाळा काढणाऱ्या पर्णवटवट्याचं वजन जेमतेम ७-८ ग्रॅम. तिथे डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दिवस सुमारे तासाभराने वाढतो. आपल्याला ते जाणवतही नाही. त्याला तेवढं पुरतं. भूक वाढते, त्वचेखाली पिवळसर चरबीचे पट्टे साठतात, आणि एका रात्री तो निघतो.

पण इथे एक मोठी अडचण आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. त्याच डोंगराच्या खालच्या मंडल गावात जेवढा दिवस मोठा, तेवढाच तुंगनाथला मोठा. मंडल साधारण १,६०० मीटरवर, चोपता २,७०० च्या आसपास, तुंगनाथचं मंदिर ३,६८० मीटरवर. सूर्य तिन्हीकडे सारखाच वेळ वर असतो. पण मंडलला शेताच्या बांधावर फुलपाखरं उडत असतात तेव्हा तुंगनाथला कमरेएवढा बर्फ असू शकतो. उंचीमागे हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. अँड्र्यू हॉपकिन्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये एक ठोकताळा मांडला होता: दर ४०० फूट चढाला वसंत चार दिवस उशिरा येतो. हिमालयाला तो तंतोतंत लागू पडेल असं नाही, कारण उतार कुठे तोंड करून आहे आणि पश्चिमेकडून किती बर्फ येतो यावर बरंच अवलंबून असतं. पण अंदाजाला चांगला आहे. मंडल ते तुंगनाथ या दोन हजार मीटरला लावून बघा: दोन महिन्यांहून जास्त फरक येतो. एकाच डोंगरावर, एकाच दिवशी, मार्चही चालू आहे आणि जानेवारीही.

दिवसाची लांबी पक्ष्याला 'नीघ' एवढंच सांगू शकते. 'चढ' हे ती सांगू शकत नाही.

मग शेवटचा टप्पा पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी बघत चढतो. हे सगळ्यात बारकाईने अभ्यासलं गेलं ते कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडा पर्वतात, टायोगा खिंडीजवळ, सुमारे ३,००० मीटरवर. तिथे पांढऱ्या डोक्याच्या चिमण्यांची (व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो) एक वस्ती अनेक दशकं संशोधकांच्या नजरेखाली आहे. त्या वसंतात वर येतात तेव्हा बर्फ असतोच. वादळ आलं की त्या जागा सोडून खालच्या उतारावर जातात, आणि हवा निवळली की परततात. अशा पक्ष्यांच्या शरीरात ताणाचं एक संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, कमी-जास्त होत असतं. संशोधकांनी काही पक्ष्यांमध्ये ते वाढवून पाहिलं, तर ते पक्षी खालीच जास्त काळ राहिले. म्हणजे कधी टिकायचं आणि कधी माघार घ्यायची याचा कौल रक्तात लागतो. अंडी घालणं तर त्याहून पुढची गोष्ट. ज्या वर्षी बर्फ जास्त, त्या वर्षी घरटी तितकीच उशिरा.

तुंगनाथच्या तिरचिमण्यांनी तेच केलं. त्या रात्री बर्फ पडल्यावर तुम्ही वर न चढता खाली मंडलकडे उतरला असतात, तर नांगरलेल्या पायऱ्यांच्या शेतांत त्या तुम्हाला पुन्हा दिसल्या असत्या. मी अशा सकाळी मुद्दाम खाली जाते. एका वर्षी, रात्रभर बर्फ भुरभुरून गेल्यावर, मंडलच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर एकाच शेतात मला सत्तरहून अधिक तिरचिमण्या मोजता आल्या. आदल्या संध्याकाळी त्याच शेतात चार होत्या. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि दुपारपर्यंत शेत रिकामं झालं.

आता, इतकी ये-जा करायचीच तर बर्फ सरेपर्यंत खालीच का नाही थांबत? एक कारण जागेचं. वरच्या कुरणांवर, ज्यांना तिथले लोक बुग्याल म्हणतात, विणीचा हंगाम फार तोकडा असतो. चांगला उतार, चांगली कपार, पाण्याची कड जो आधी अडवेल त्याची. म्हणून बहुतेक जातींत नर आधी येतात, माद्या काही दिवसांनी. तुम्ही पाहिलेले रेडस्टार्ट दगडावरून दगडावर उडत होते असं तुम्ही लिहिलंय. भरभर, सारखे त्याच चार-पाच दगडांवर परत येत असतील तर ते नर असावेत आणि ते चरत नव्हते, हद्द आखत होते.

दुसरं कारण मला जास्त भावतं, आणि ते फार लोकांच्या लक्षात येत नाही. बर्फ हे नुसतं संकट नाही, ते ताटही आहे. पुढच्या वेळी बर्फाच्या कडेला जरा वेळ खाली बसून बघा. दुपारी दरीतली गरम हवा वर चढते, तेव्हा ती खालच्या जंगलातले किडे सोबत उचलून आणते. बारक्या माश्या, मावा, धाग्यावर तरंगणारे कोळी. बर्फावर पडले की थंडीने ते बधिर होतात. पांढऱ्यावर काळा ठिपका, आणि तो पळूही शकत नाही. एकदा मी एका गुलाबी तिरचिमणीला सहा-सात मीटरवरून अर्धा तास पाहिलं. छातीवर गुलाबी झाक नुकती चढू लागली होती, भुवईची जाड फिकट रेघ ठसठशीत. ती बर्फावर चार पावलं धावे, थांबे, मान तिरकी करे, ठिपका उचले, पुन्हा चार पावलं. दर पाच-सहा सेकंदांना एक घास. मध्येच ती कडेच्या चिखलात उतरे आणि चोच खुपसून मऊ, राखाडी अळ्या ओढून काढे. बर्फ जिथे नुकता सरला आहे तिथली माती भिजलेली, पोकळ झालेली असते आणि अळ्या अगदी वरच्या थरात असतात. चार दिवसांनी तोच तुकडा सुकतो, अळ्या खोल जातात. म्हणून कड जशी वर सरकते तसा पक्षी तिच्यामागे सरकतो. आल्प्समध्ये हिमचिमण्याही पिल्लांना भरवायला वितळत्या बर्फाच्या कडेलाच चरतात, हे तिथल्या अभ्यासांत दिसून आलं आहे.

म्हणजे 'बर्फ असूनही आले' असं म्हणण्यापेक्षा 'बर्फ सरत असताना आले' म्हणणं जास्त बरोबर. पूर्ण बर्फ गेल्यावर येणाऱ्याला ते ताट मिळत नाही.

कोण आधी आणि कोण मागाहून, हेही जेवणावरूनच ठरतं. वाहतं पाणी सहजी गोठत नाही आणि पाण्यातले किडे वसंताच्या फार आधी बाहेर पडतात, त्यामुळे ओढ्याकाठचे पक्षी सगळ्यांच्या पुढे असतात. पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट हिवाळ्यात पायथ्याच्या नद्यांवर दिसतो आणि पाणी धरूनच वर चढतो. करडा धोबीही ओढ्याचाच. तो हिवाळाभर सह्याद्रीच्या ओढ्यांवर शेपूट खाली-वर करत फिरताना तुम्ही नक्की पाहिला असेल, आणि मार्च-एप्रिलमध्ये गढवालच्या ओढ्यावर तोच पक्षी गळ्याखाली काळा डाग घेऊन भेटतो. नराचा गळा विणीच्या दिवसांत काळा होतो. दोन्हीकडे पाहिलेला माणूस सुरुवातीला त्याला वेगळी जात समजतो, मीही समजले होते. मग जमिनीवर चरणारे, तिरचिमण्या आणि कस्तुर. पानांवरच्या अळ्या टिपणारे पर्णवटवटे झाडांना पालवी फुटेपर्यंत वरच्या जंगलात शिरत नाहीत, आले तरी खालच्या बांजच्या (ओकच्या) रानात घोटाळतात. हवेत किडे पकडणारे माशीमार आणि कोकीळवर्गीय पक्षी सगळ्यात शेवटी. एप्रिल लागला की कुमाऊँच्या दरीत चार सुरांची हाक घुमू लागते आणि तिथली माणसं म्हणतात, 'काफल पाको', म्हणजे काफळ नावाची रानफळं पिकली. ही हाक इंडियन कक्कूची. ती हाक म्हणजे कुणा न कुणाचं घरटं तयार होत आलंय याची खूण, कारण याला स्वतःचं घरटं नसतं.

शिंजिरांचं वेगळंच गणित. ते मधासाठी बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) फुलांमागे चढतात. खालच्या उतारावर लाल बुरांश फेब्रुवारीतच फुलू लागतो, आणि तो बहर वर सरकत जातो. एका आठवड्यात तुम्ही दोनदा चढलात तर बहराची वरची कड कुठवर आली ते नुसत्या शिंजिरांच्या आवाजावरून सांगता येतं.

इथे एक फरक मात्र स्पष्ट करायला हवा, कारण तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. तुम्ही पाहिलेल्या तिरचिमण्या आणि रेडस्टार्ट यांतल्या बऱ्याच जणांचा हिवाळा त्याच डोंगराच्या पायथ्याला किंवा लगतच्या मैदानात जातो. त्यांचं स्थलांतर उभं आहे, नकाशावर शंभर किलोमीटरही भरणार नाही. पर्णवटवटा दोन हजार किलोमीटर कापून येतो. काश्मिरी माशीमार तर श्रीलंकेच्या आणि दक्षिण पश्चिम घाटाच्या उंच जंगलांतून थेट पीर पंजालच्या रानात येतो, एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात. उभं चढणारा पक्षी रोज डोंगर बघू शकतो, त्यामुळे तो लवकर येतो, चुकला तर दोन तासांत खाली. लांबून येणाऱ्याला निघताना इकडचं काही कळत नाही. तो कॅलेंडरवर विसंबून येतो आणि पायथ्याशी थांबून मग बघतो. म्हणून पहिल्याची तारीख दरवर्षी बरीच हलते, दुसऱ्याची फारशी हलत नाही.

आणि तिसरे, जे तुंगनाथला थांबतच नाहीत, डोक्यावरून जातात. चक्रवाक नावाचं बदक आणि पट्टकादंब (बार-हेडेड गूज). दख्खनच्या जलाशयांवर हिवाळा काढून हे लडाख, तिबेट, मंगोलियाकडे जातात. पट्टकादंब एव्हरेस्टवरून उडतात असं सर्रास सांगितलं जातं. उपग्रह-यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासांत चित्र वेगळं निघालं. नोंदलेली सर्वांत मोठी उंची ७,२९० मीटर, पण बहुतेक प्रवास ६,००० च्या खाली, खिंडी आणि दऱ्या धरून. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर दिसलं की ते जमिनीच्या चढउताराला चिकटून उडतात. डोंगर आला की चढतात, दरी आली की हातची उंची सोडून खाली उतरतात, आणि पुन्हा चढतात. वरवर पाहता ही उधळपट्टी वाटते. पण उंचावर हवा इतकी विरळ की तिथे तरंगत राहण्यासाठीच पंखांना जास्त राबावं लागतं, त्यापेक्षा उतरून पुन्हा चढणं स्वस्त पडतं. ओलांडायची वेळही ते बहुधा रात्रीची किंवा पहाटेची निवडतात, कारण थंड हवा दाट असते. त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू घट्ट धरून ठेवणारा एक छोटा बदल आहे, तो तर आहेच. पण मला त्यांची खरी ताकद वाटते ती वाट आणि वेळ निवडण्यात. चक्रवाकही ६,८०० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे, आणि त्याच्याकडे बघून हे कुणाला खरं वाटणार नाही.

लडाखमध्ये पोहोचल्यावरही त्यांचं तेच: वाट बघणं. त्सो मोरिरीसारखं साडेचार हजार मीटरवरचं सरोवर एप्रिलमध्ये बरंचसं गोठलेलं असतं. ओढा जिथे सरोवराला मिळतो तिथे मोकळ्या पाण्याची जी चिंचोळी पट्टी असते, तीवर सगळे दाटीवाटीने बसतात. काळ्या मानेचे क्रौंचही चुशूल आणि हानलेच्या दलदलीत याच सुमारास जोडीने उतरतात, पाय अर्धवट गोठलेल्या चिखलात. ही पट्टी फुटभर वाढली की एखादी जोडी सरकते.

आता जो भाग लिहिताना मला चैन पडत नाही. कोलोरॅडोतल्या रॉकी पर्वतात, गॉथिक इथल्या संशोधन केंद्रात, १९७०च्या दशकापासून रोजच्या नोंदी ठेवल्या गेल्या. २००० साली त्या प्रसिद्ध झाल्या. अमेरिकन रॉबिन १९८१च्या तुलनेत १४ दिवस लवकर वर येऊ लागला होता. पण वरचा बर्फ लवकर सरत नव्हता. परिणामी पक्षी येणं आणि पहिली मोकळी जमीन दिसणं यातलं अंतर १८ दिवसांनी वाढलं. खालची हवा लवकर तापली, पक्ष्याने तिच्यावर विश्वास ठेवला, आणि वर मात्र बर्फ होता. ज्या युक्तीने हे पक्षी हजारो वर्षं तरले, तीच युक्ती त्यांना फसवू लागली. खालचा उतार बघून वरचा ओळखायचा हा हिशेब दोन्ही उतार एकाच गतीने बदलत असतील तरच बरोबर येतो. लांबून येणाऱ्यांची अडचण याच्या उलट: ते कॅलेंडरने येतात आणि अळ्यांचा हंगाम त्यांच्या आधीच उरकलेला असतो. युरोपातल्या चितकबऱ्या माशीमारांच्या काही वस्त्या यामुळे झपाट्याने घटल्याचं नेदरलँड्समधल्या अभ्यासात दिसलं.

हिमालयात अशा लांबलचक, एकाच वाटेवरच्या नोंदी फार थोड्या आहेत. म्हणूनच तुमच्यासारखा माणूस 'काल होते, आज नाहीत' असं लिहून पाठवतो तेव्हा मला ते मोलाचं वाटतं. फक्त नोंद ठेवायची पद्धत थोडी बदला. 'पहिला पक्षी दिसला' या तारखेचा फार मोह असतो सगळ्यांना. डोंगरावर ती तारीख जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याऐवजी एक वाट धरा, मंडल ते चोपता असेल किंवा चोपता ते तुंगनाथ, आणि ती लागोपाठ चार-पाच दिवस चाला. दर वेळी दोन गोष्टी लिहा: बर्फाची खालची कड किती मीटरवर, आणि प्रत्येक जात सगळ्यात वर किती मीटरवर दिसली. फोनमधलं उंचीचं माप त्यासाठी पुरे. उताराचं तोंड लिहायला विसरू नका. दक्षिणेकडचा उतार आधी मोकळा होतो आणि पक्षी तिथेच आधी चढतात. उत्तरेच्या उतारावर त्याच उंचीला ते तीन-तीन आठवडे मागे असतात. आणि ज्या दिवशी काहीच दिसलं नाही तो दिवसही लिहा. शून्य ही नोंदच आहे. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड संकेतस्थळावर पूर्ण यादी म्हणून टाकलीत तर ती पुढे कुणाच्याही कामी येते. पट्टकादंबाच्या मानेत रंगीत पट्टी किंवा पायात कडी दिसली तर तिच्यावरचं अक्षर-आकडा टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवा. मंगोलियात पट्टी घातलेले पक्षी भारतात दिसले आहेत.

एक कळकळीची विनंती. बर्फाच्या कडेला चरणाऱ्या थव्याला उठवू नका. त्या काळात पक्ष्याच्या अंगावर एका रात्रीपुरती चरबी असते, फार तर दोन. दिवसात त्याला चार वेळा उडवलं तर संध्याकाळी ती शिल्लक भरत नाही, आणि त्याच रात्री बर्फ पडला तर खाली उतरायचं बळ राहत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका गटाला याच वाटेवर फोनवरून नराची शीळ वाजवताना पाहिलं. पाऊण तासात एक रेडस्टार्ट अकरा वेळा दगडावर येऊन छाती फुगवून गेला, तेवढा वेळ त्याने एकही घास घेतला नाही. मी त्यांना थांबवलं, त्यांनी ऐकलंही. पण त्यांच्या आधी कितीजण वाजवून गेले असतील ते कोण सांगणार. तुम्हाला बघायचंच असेल तर वाऱ्याच्या आडोशाला मोठा दगड बघून त्याला टेकून बसा. वीस मिनिटं हललात नाही तर तिरचिमण्या स्वतःच तुमच्या बुटांपर्यंत चरत येतात.

केव्हा जावं? एकच फेरी जमणार असेल तर ५ ते १५ एप्रिल. तेव्हा खाली माशीमार आलेले असतात आणि वर बर्फाची कड अजून वाटेवर असते, म्हणजे एका दिवसात दोन्ही ऋतू चालून होतात. दोन फेऱ्या जमत असतील तर पहिली मार्चच्या मध्यावर, दुसरी एप्रिलच्या अखेरीस, आणि दोन्ही वेळा तीच वाट. पहिल्या फेरीत वर चढायचा अट्टाहास धरू नका. मंडलच्या पुलावर दुपारी चारच्या सुमारास उभे राहा, पाण्यातल्या दगडांकडे बघत. हवा बिघडणार असेल तर संध्याकाळ व्हायच्या आधी वरून छोटे-छोटे थवे उतरू लागतात, दोनचार, मग दहाबारा. ते दिसले की तुमच्या वहीत वेळ लिहा, आणि सकाळी उठून वरच्या डोंगराकडे बघा, बर्फ किती खाली आला ते.